स्वमत

देगलूरच्या अंबिकेचं पत्र आबांनी वर्षभर खणात दडवलं होतं. ‘दहावीला तुमची कविता आहे. त्यातली आई मला खोटी वाटली. स्वमताच्या प्रश्नात तसं लिहिलं, तर शून्य मिळालं. माझं चुकलं का?’ उत्तर आबांना ठाऊक होतं; लिहायची छाती नव्हती.

यंदा दहावीतली नात घोकत होती, “ही आई काळजाला भिडते…”

“तुझ्या भिडली का?” आबांनी चाचरत विचारलं.

“छे! स्वमत आहे ते. बाईंनी फळ्यावर लिहून दिलंय. मध्ये बोलू नका, विसरेन मी.”

सगळ्या वर्गाचं स्वमत एकमतानं आपल्या बाजूनं पडलेलं ऐकून आबा धन्य झाले. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं: ‘चि. अंबिका, आई खोटीच आहे. ते शून्य माझं.’ आणि धीर खचायच्या आत अनवाणीच जाऊन लाल पेटीत टाकलं.