शिंप्याची कात्री

"थांबा, कालच्या शॉटमध्ये शिंप्याचा भांग डावीकडे होता," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. हिरवे रबरी हात घातलेले तीन परग्रहवासी शिंप्याच्या दुकानाच्या दारातच घामाघूम होऊन थांबले. सिनेमा भीतीचा होता, पण हसवणारा: परग्रहावरचे लोक एका लहानशा गावात येतात आणि एकेक माणूस बदलून टाकतात. शिंप्याचं काम गावातल्या खऱ्या शिंप्यालाच दिलं होतं. तो तिचा नवरा.

कालचं दृश्य आजच्याशी जुळतं का, हे बघणं तिचं काम. "डावरीच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं, ती डाव्या हाताने लिहायची म्हणून, युनिटमध्ये म्हणत. या गावात ती मुळात दुसऱ्याच कामासाठी आली होती. ते अर्धवट टाकून शिंप्याशी संसार थाटून बसली आणि सुखात राहिली.

मेकअपवाल्याने भांग बदलला. तेवढ्यात तिची नजर नवऱ्याच्या कानाखाली गेली. तीळ उजवीकडे होता. तिने मोबाइलवर कालचा फोटो उघडला. तीळ डावीकडे.

"फोटो उलटा आला असेल, वहिनी," मेकअपवाला म्हणाला.

फोटोत मागची दुकानाची पाटी सरळ वाचता येत होती.

शॉट सुरू झाला. नवऱ्याने कात्री उचलली ती डाव्या हाताने. कात्री उजव्या हाताची, त्याच्या वडिलांची. कापड कापलं जाण्याऐवजी पात्यांत चुरगळत गेलं. हा माणूस डोळे मिटूनही सरळ कापायचा. एक परग्रहवासी टेबलाला अडखळून आपटला, सगळे खो खो हसले. नवराही हसला, पण आधी इकडेतिकडे बघून.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला मागच्या खोलीत नेलं आणि कडी लावली.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"छे गं. ठणठणीत आहे."

"काल आपण भांडलो ते मनात तर नाही ना धरलंत?"

"आपण कुठे भांडतो?" तो गोड हसून म्हणाला.

पंख्यावरून त्यांचं रोज वाजायचं. काल तर तो रागाने उशी घेऊन दुकानात झोपायला गेला होता. तिला जाऊन त्याला परत आणायचं होतं, पण डोळा लागला.

ती कपड्यांच्या ढिगावर बसली आणि पोटभर रडली. तो पाठीवरून डावा हात फिरवत राहिला.

शेवटी तिने डोळे पुसले.

"आरशात बघून माणूस घडवायची आपल्या लोकांची खोड अजून गेली नाही," ती म्हणाली. "मी डावरी झाले तीही त्यापायीच."

त्याचा हात थांबला.

"आणि मी वर कळवलं होतं ना, सगळं गाव घ्या, पण एवढ्या एकाला हात लावू नका म्हणून?"