रंजनाचं वय

रंजना दारातून वाकून आत आली आणि शांतीलाल गुरुजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“हाई कोन? रंजना का? कितली वाढी गयी वं तू!”

तिच्या मागून तिची आई रमीबाई आली. दोघी सकाळच्या जीपने चिंचपाड्याहून नवापूरला आल्या होत्या आणि गुरुजींचं घर विचारत अर्धं गाव फिरल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी पाड्यावरच्या शाळेत रंजनाचं नाव गुरुजींनीच घातलं होतं. आता गुरुजी रिटायर होऊन घरी बसले होते आणि रंजना नववीत होती.

काम सांगायला सोपं होतं. रंजना बास्केटबॉल खेळायची. नवापूरच्या ग्राउंडबाहेर तिला तेव्हा कोणी ओळखत नव्हतं, पण शिकवणारे दानियल सर भेटेल त्याला सांगायचे, ही पोरगी एक दिवस देशाकडून खेळणार. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या शिबिरासाठी पुण्याहून तिला बोलावणं आलं होतं. घोळ एवढाच, की कागदावर रंजना चौदा पूर्ण करून बसली होती. खरी ती बारा वर्षांची. तारीख दुरुस्तीचा अर्ज सोमवारी गेला नाही, तर तिला सतरा वर्षांपर्यंतच्या मुलींत उभं राहावं लागणार होतं. तिथे या कोवळ्या पोरीला कोण विचारतो?

जन्माचा दाखला नव्हताच. रंजना घरीच झाली. अशा पोरांसाठी गुरुजींची एकच परीक्षा असायची. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला, की पोर सहा वर्षांचं आणि जन्म एक जूनचा. रंजनाने चौथ्या वर्षीच कान धरला, वर ओढूनही दाखवला. ज्या लांब हातांसाठी आज पुण्याचं बोलावणं आलं होतं, त्याच हातांनी तिला दोन वर्षं मोठी करून ठेवलं होतं.

“माले याद शे,” गुरुजी म्हणाले आणि कागद घेऊन बसले. असे अर्ज त्यांनी आयुष्यभर लिहिले होते. हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर त्यांनी कागद रंजनाकडे सरकवला. “वाच. मंग बाईनी सही करी टाकानी.”

रंजनाने वाचलं. “पालकांच्या अज्ञानामुळे मुलीची जन्मतारीख चुकीची नोंदवली गेली.”

रमीबाईने पाड्यावरच्या आदिवासी कोकणीत काहीतरी विचारलं. रंजनाने खाली बघत तिला अर्थ सांगितला.

“मला माहीत होतं, गुर्जी,” रमीबाई म्हणाली. “भात कापायच्या दिवसात झाली ती. बुधवारी. मी तुम्हाला चारच सांगितलं होतं.”

“ऑफिसमा असंच लिखतस, बाई. तुले कोनी काही म्हननार नही.”

“तुम्हाला पण माहीत होतं.”

गुरुजींनी टोपण उगाच लावलं आणि काढलं. खोटं कशाला सांगा, ते घाबरले होते. स्वतःवर घेतलं तर चौकशी लागणार, आणि चौकशी म्हटलं की त्यांना आधी पेन्शन आठवायची. रमीबाईला मात्र सगळंच आठवत होतं. पहाटेचा तो टेम्पो, सोनगडकडचे भाजीचे मळे, पोरं सोबत आणायची नाहीत म्हणणारा मालक. नवरा तिच्याच टेम्पोत असायचा. मागे झोपडीत रंजना एकटी. मग एका सकाळी ती पोरीला शाळेच्या पायरीवर बसवून म्हणाली होती, गुर्जी, हिला घ्या. आणि गुरुजींनी पोरीला विचारलं होतं, कान धरता येतो का बघू?

“आई, कर ना सही,” रंजना हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिला पुण्याला जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं.

रमीबाईने पोरीकडे बघितलं आणि पेन घेतलं. कागदावर वाकून ती आपलं नाव लिहायला लागली. एवढंच तिला लिहिता यायचं, आणि ते ती फार सावकाश लिहायची. पहिलं अक्षर पुरं झालं, तेवढ्यात गुरुजींनी कागदावर हात ठेवला.

“थांब, बाई.”

त्यांनी तो कागद काढून घेतला आणि दुसरा घेतला. या खेपेला त्यांचा हात अडखळत होता. मध्येच थांबून त्यांनी रमीबाईला पावसाळा कधी संपला होता ते विचारलं, भात कुठल्या शेतातला होता ते विचारलं, बोटांवर महिने मोजले. खाली स्वतःची सही केली, पूर्ण नावाची. मग शाळेतल्यासारखा कागद रंजनापुढे धरला.

“मोठ्यानी वाच.”

रंजना उभी राहून वाचू लागली. “मुलगी चार वर्षांची आहे हे तिच्या आईने मला सांगितले होते. दिवसा तिला सांभाळायला घरी कोणी नव्हते, म्हणून मी सहा लिहिले.”

पुढचं तिने वाचलं नाही. तिने आईकडे बघितलं. हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“हे चालेल हापिसात?” रमीबाईने विचारलं.

“माले माहीत नही,” गुरुजी म्हणाले.

रंजनाने कागद आईपुढे नीट ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

“नाही चाललं तर मी मोठ्या मुलींत खेळीन,” ती म्हणाली. “तू यावर सही कर, आई.”