तुलनेची कोंबडी

जी खाऊन माणूस ताठ होऊन मरतो, ती काजऱ्याची कडू फळं धनेश पक्षी मजेत खातो. कसा, हे शोधायला मी त्याच्या रक्तातलं विष मोजत होते. तुलनेसाठी काजऱ्याला चोचही न लावलेला पक्षी हवा होता, म्हणून मी ज्यांच्याकडे राहत होते त्या शेवंतावहिनींच्या कोंबडीचं थेंबभर रक्त घेतलं.

आज प्रयोगशाळेतून आकडे आले. धनेशाच्या रक्तात विष किंचित होतं. कोंबडीच्या रक्तात त्याच्या चौपट.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असं वाटून मी परसात गेले. "वहिनी, ही कोंबडी रानात जाते का हो?"

"छे! मुंगसाच्या भीतीने मी तिला सोडतच नाही." वहिनी विळीवर कारली चिरत होत्या. "यांच्या ताटातलं उरलेलं खाते, तेवढंच."

आत खाटेवर त्यांचे यजमान पडून होते. महिनाभर त्यांचे पाय लाकडासारखे ताठत होते. हल्ली जबडाही अडकायचा. शुगरमुळे त्यांना दोन्ही वेळा कारल्याची भाजी असायची, वेगळ्या पातेल्यात शिजवलेली. आम्ही दोघी डाळभात खायचो.

"रक्तात सगळं कळतं होय?" वहिनींनी मान वर न करताच विचारलं.

"कळतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी विळी मिटली, हात धुतले आणि माझ्यासाठी पाट मांडला.

"बसा," त्या मायेने म्हणाल्या. "आज तुम्हालाही कारलंच वाढते."