वीस नंबरचा बोर्ड

एकोणीस नंबरच्या बंगल्यातही काही सापडलं नाही. फोरमननं मीटरच्या बोर्डाचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि घरमालकिणीला सांगितलं, "झालं तुमचं. डोक्यावरची तार गेली. आता वीज जमिनीखालून येणार."

"गच्चीत कपडे वाळत घालताना धडकी भरायची हो," ती म्हणाली. "फार बरं केलंत."

फोरमन नुसता हसला. कुणाचं बरं करायला तो इथं आलाच नव्हता.

बावीस बंगल्यांची चिमुकली वसाहत. खांब काढायचे, रस्त्याच्या कडेनं चर खणून केबल टाकायची आणि प्रत्येक घराचा बोर्ड उघडून नवी जोडणी करायची. असलं किरकोळ काम फोरमननं अंगावर घ्यायचं काही कारण नव्हतं. त्यानं मात्र साहेबांच्या मागे लागून ते मागून घेतलं, वर बोर्ड मी एकटाच उघडणार असा हट्ट धरला. चर खणणारे आपसांत म्हणायचे, म्हातारचळ लागलाय गड्याला.

चार वर्षांपूर्वी याच वसाहतीतल्या खांबावर त्याचा धाकटा भाऊ तारेला चिकटून गेला होता. वसाहतीत हे नातं कुणाला माहीत नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. धाकटा वीज बंद करूनच चढला होता. काढलेले तिन्ही फ्यूज त्याच्या पिशवीत होते, फोरमननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण चौकशीत त्याचं कोण ऐकतो? सख्खा भाऊ असंच बोलणार, म्हणत सगळ्यांनी हात झटकले. अहवालात आलं, मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा.

निष्काळजी म्हणे! दादाला विचारल्याशिवाय जो बल्बचा होल्डर बदलत नसे, तो निष्काळजी! दिवसातून दहा फोन यायचे त्याचे. दादा, हे असं जोडू का? दादा, ही तार चालेल का?

फ्यूज काढलेले असताना तारेत वीज आली, ती एखाद्या घरातूनच आली असणार. कुणीतरी जनरेटर थेट बोर्डाला जोडला होता. मध्ये एक स्विच लागतो. तो असला की घरात एकतर खांबावरची वीज येते, नाहीतर जनरेटरची. तो नसला आणि मेन चालू राहिला, की जनरेटरची वीज उलटी खांबावर चढते. फोरमनच्या आईला यातलं काही कळत नव्हतं. लेकाच्या मरणाचं खापर लेकाच्याच डोक्यावर फोडलंय, एवढंच तिला कळत होतं. "कुणाचं घर ते एकदा सांग," ती रोज म्हणायची, "मग मी जायला मोकळी."

वीस नंबरचं दार एका म्हाताऱ्या शिंप्यानं उघडलं. घरात तो एकटाच होता. बोर्ड मागच्या खोलीत होता. तिथं एक पलंग होता, वर सुरकुती न पडलेली चादर अंथरलेली, आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन कापडानं झाकून ठेवलेलं.

फोरमननं झाकण काढलं. आत तांबड्या-काळ्या तारेची एक जोडी होती. ती भिंतीतून मागच्या पडवीत गेली होती आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळलेली होती. मध्ये स्विच नव्हता.

तो शिंप्याकडे वळला.

"आजोबा, जनरेटर कुठंय?"

शिंपी पलंगाच्या कडेवर बसला.

"भंगारात दिला. तो लाइनमन गेला, त्याच आठवड्यात." "आमची मंडळी या मशीनवर होती, साहेब. लाइट गेले आणि ती तडफडायला लागली. मी धावत जाऊन दोरी ओढून जनरेटर चालू केला. मेन बंद करायचं राहिलं. चौकशीला आले तेव्हा कानांवर हात ठेवले. ती पुढं पाच महिने जगली. मीही जगतोय, बघा."

याला दोन ठेवून द्याव्यात असं फोरमनला वाटलं. पण त्याच वेळी चार वर्षांचा धोंडा छातीवरून उतरलाही. धाकट्याची काही चूक नव्हती. आज घरी जाऊन आईला सांगता येणार होतं.

"हे लिहून द्याल?"

"देतो. आत्ता देतो. कुणी विचारायला येईल म्हणून वाटच बघत होतो." शिंप्यानं कपाटातून वही काढली आणि सगळं लिहिलं.

"आणि हे जोडलं कुणी?" फोरमननं विचारलं. "त्याचंही नाव लिहा. स्विच न बसवता जोडतो म्हणजे काय? त्या माणसाला मी सोडणार नाही."

"त्याला काय धरणार, साहेब? तोच तर गेला खांबावर."

फोरमन ताडकन म्हणाला, "खोटं बोलताय."

"आता कशाला खोटं बोलू? फार भला पोरगा होता. स्विचशिवाय हात लावणार नाही म्हणाला. रविवार होता, दुकानं बंद, आणि ही इथं धापा टाकत पडलेली. मी पाया धरले त्याचे. शेवटी जोडून दिलं. आधी मेन बंद, मग जनरेटर, असं दहादा बजावलं. मधे स्विच घेऊन ठेवतो, पुढच्या रविवारी येऊन बसवतो म्हणाला. गुरुवारी गेला."

"पण स्वतःच्या मनानं तो असं..."

"मनानं नाही केलं. म्हणाला, थांबा, दादाला विचारतो. इथंच उभं राहून फोन लावला, स्पीकरवर. त्या माणसानं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, 'एवढ्यानं कुणी मरत नाही. दे जोडून.'"