शनिवारच्या बैठकीतला कवड्या

प्राणीशास्त्र विभागात दर शनिवारी संशोधन गटाची बैठक भरायची. आपण पकडलेल्या प्राण्यावर प्रत्येकाला पाच मिनिटं बोलावंच लागायचं. पहिल्याच खेपेला प्रेमिला महाल भागातून सायकलवर लोणच्याच्या बरणीत पट्टेवाला साप घेऊन आली. तो मनगटाला गुंडाळून ती झोकात म्हणाली, "घाबरता काहून? कवड्या आहे हा, बिनविषारी." "बांगडी शोभून राहिली वं तुले," गटातली कुंदा म्हणाली आणि सगळे हसले. बैठक घेणारे सर मात्र पट्ट्यांकडे बघत राहिले. कवड्याचे मानेपाशी ठळक असतात. याचे शेपटीकडे होते. "हात हलवू नको, पोरी. मण्यार आहे ती." मण्यार तर नागाहून जहाल. प्रेमिलानं हात तसाच धरून ठेवला. सरांनी लांब चिमट्यानं साप अलगद बरणीत सोडला. झाकण त्यांनी दोनदा पिळून घट्ट केलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "तुझी तीन मिनिटं उरलीत. आता मण्यारीवर बोल."