रागावण्यापुरतं

"प्रांजल, आवर लवकर! बस येईल!" डब्याचं झाकण दाबत नंदकुमार स्वयंपाकघरातून ओरडला. आठवीतली त्याची लेक दारात बसून केव्हापासून एकच बूट घालत होती. आई वारल्यापासून ती अशीच रेंगाळायची आणि शाळेची बस रोज तिच्यासाठी खोळंबायची.

आज मात्र बस हॉर्न वाजवून निघून गेली. "मुद्दाम करतेस ना हे?" त्याचा आवाज चढला.

"हो," ती मान खाली घालून म्हणाली. "तुम्ही सेकंड शिफ्टवरून येता तेव्हा मी झोपलेली असते. सकाळी उशीर केला की निदान रागावण्यापुरतं तरी तुम्ही माझ्याशी बोलता."

नंदकुमारनं पायात चपला सरकवल्या, तिचं दप्तर खांद्याला अडकवलं आणि दोघं चालत निघाले. कॅनॉलच्या पुलाशी त्यानं चाल मंद केली.

तेव्हा ती म्हणाली, "बाबा, कंपनीत तुम्ही नेमकं काय करता?"

एवढ्या वर्षांत हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो सांगू लागला, आणि शाळेचं फाटक बंद झालं तरी दोघं बाहेरच उभे होते.