प्रार्थनाघराची जमीन

शनिवार, सकाळचे अकरा. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या त्या वस्तुसंग्रहालयात काळ्यांच्या इतिहासाचा सोहळा सुरू झाला आणि दीडशे माणसांसमोर म्हाताऱ्या हेझेकायाची काठी मुकी पडली.

त्याने ती पुन्हा आपटली. गालिच्याने आवाज गिळला.

"माइक लावू?" जनीलने विचारलं. दालन तिच्या ताब्यात होतं. नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले होते.

"मुक्यापुढे माइक धरून काय होणार, पोरी?" व्हर्डेल म्हणाली.

व्हर्डेल एकोणऐंशीची. किनाऱ्यासमोरच्या त्यांच्या बेटावर गुलामीच्या काळापासून चालत आलेलं हे रिंगण धरणारे आता सातच जण उरले होते. आधी काठी, काठीवर टाळ्या, टाळ्यांवर पाय. काठीवाचून पाऊल हलत नाही. आज जमलं नाही तर समोरच्या माणसांनी ते भिंतीवरच्या फलकावर वाचायचं.

तिची नजर कोपऱ्याकडे गेली. दोरीपलीकडे बेटावरच्या प्रार्थनाघराची जमीन आणून मांडली होती. पाइनच्या जुन्या फळ्या, गोलाकार झिजलेल्या. वर पाटी : पाय ठेवू नये.

"ती झिजवली कोणी?"

"तुमच्या लोकांनी, मावशी."

"आपल्या म्हण. आणि पाय न ठेवताच झिजवली वाटतं?"

हेझेकाया खो खो हसला. "त्याच फळ्यांवर मी थोबाडीत खाल्ली. पाय उचलला म्हणून!"

जनीलने संचालकांना फोन लावला. परत लावला. कोणी घेतला नाही. तिने समोरच्या माणसांकडे पाहिलं आणि दोरीची कडी काढली.

काठी फळ्यांवर आपटली. फळ्या घुमल्या. सातही जण टाचा घासत, घड्याळाच्या उलट्या दिशेने सरकू लागले. प्रेक्षकांतली एक कॉलेजची मुलगी कंबर हलवत आत शिरली.

"एका पायावरून दुसरा पाय टाकू नकोस!" व्हर्डेल ओरडली. "ओलांडलंस की तो नाच. ही प्रार्थना आहे."

मुलगी ओशाळली. मग खाली बघत पाय घासू लागली. तिच्यामागून आणखी चौघी आल्या, एक आजोबा आले. व्हर्डेलने हात लांबवून जनीलला आत ओढलं.

जनीलच्या खिशात फोन वाजायला लागला. संचालकांचा होता. तिचे दोन्ही हात टाळ्यांत गुंतले होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो तिसऱ्यांदा वाजत होता, आणि रिंगणात एकतीस माणसं होती.